गिरिजाक्कांची सवत

"सुमे, बघ की गं हिला जरा. तुझ्या शिलाई मशीनची थोरली बहीण समज."

अण्णा स्टीअरिंग धरून बसल्या जागेवरून बोलत होते आणि गाडी मागून त्यांचा मुलगा मल्लिकार्जुन ढकलत होता. दुकानाच्या पायरीला चाक टेकलं तसं त्यानं हात झटकले. पिवळी पूड उडाली.

"बहीण न्हवं, आत्या हाय ही," मल्लू धापा टाकत म्हणाला. "कामाची न्हाई आणि घरातनं हलतही न्हाई."

सांगलीत हळदीच्या पेठेमागच्या गल्लीत तेव्हा माझं शिवणयंत्रं दुरुस्त करायचं दुकान होतं. हे काम मला कुणी शिकवलं नव्हतं. आईचं मशीन अडलं, ते मी उघडलं, परत जोडताना एक स्क्रू उरला आणि तरी मशीन आधीपेक्षा बरं चाललं. तेव्हापासून मी उघडतच सुटले. आधी मशीनं, मग पंखे, मग पाण्याच्या मोटारी, मग गल्लीतल्या लुना. चारचाकी मात्र कधी उघडली नव्हती. आणि ही साधीसुधी चारचाकी नव्हतीच.

अण्णा म्हणजे बसवराज पट्टणशेट्टी, हळदीचे अडते. त्यांची ही एम. जी. विलायती, युद्ध संपल्यावर तीनेक वर्षांत बनलेली, दोन माणसांची उघडी गाडी. लांबलचक नाक, सायकलसारखी तारांची चाकं, मागच्या बाजूनं उघडणारी दारं, आणि पाठीवर दप्तर बांधावं तशी पेट्रोलची चपटी टाकी. रंग मूळचा गडद हिरवा, पण गाडी हळदीच्या गोदामात ठेवलेली, त्यामुळे तो कैरीवर आला होता. सीटच्या शिवणीशिवणीत हळद. अण्णांच्या शेजारी बसून जो कुणी उतरायचा तो मागून हळद लागलेला नवरदेव दिसायचा.

एकच बाई त्या सीटवर बसत नसत. अण्णांच्या बायको, गिरिजाक्का. त्या हिला सवत म्हणायच्या, तेही हिच्या तोंडावर. गोदामातून जाता-येता हिच्या नाकावर छडी वाजवून विचारायच्या, "जेवलीस काय गं, भवाने?" त्यांचं मशीन माझ्याकडेच यायचं. दर दसऱ्याला त्या दुकानाची पायरी चढून मला सोनं द्यायच्या. आपट्याचं पान मध्यावर मिटायचं, आत अक्षतेचे दोन दाणे, आणि विड्याला टोचतात तशी वर लवंग टोचलेली. आदल्या आश्विनात, कोजागरीच्या आदल्या दिवशी, त्या झोपेतच गेल्या होत्या. त्यांनी दिलेलं शेवटचं पान माझ्या सुयांच्या डबीत अजून होतं.

"होतंय काय हिला?" मी विचारलं.

"मैलभर पळती," अण्णा म्हणाले. "झ्याक पळती. अंकलीच्या रस्त्याला लागली की मरती. मग आपण पान खायचं. पान संपलं की आपली आपण चालू. परत थोडं जाती, परत मरती."

"कुणाला दाखवलीत का?"

"तिघांना दाखवली. प्लग बदलले, कॉइल बदलली, कार्बोरेटर दोन्ही खोलून धुतले. गॅरेजात उभी असली की शहाण्यासारखी चालती."

"कधीपासून?"

मल्लू गाडीच्या दिव्यावरची पूड पुसायला लागला.

"आक्का गेल्यापास्नं," अण्णा म्हणाले. "तिनं सांगूनच ठेवलं होतं. दसऱ्याची सकाळ. मी हिला झेंडूचा हार घालत होतो आणि घराच्या दाराला तोरण बांधायचं राहून गेलं. आली बाहेर. म्हणाली, 'मी गेल्यावर बघा, ही मैलभरसुद्धा चालायची न्हाई.' मीही काय तर बोललो. झालं, अबोला. दुपारी सगळ्या घराला सोनं वाटलं तिनं. मला दिलं न्हाई. म्हटलं असू दे, दोन दिवसांत निवळंल."

दोन दिवसांनी निवळलं नव्हतं, आणि पाचव्या दिवशी त्या नव्हत्याच.

"रविवारी बेंगळुरूचा माणूस येतोय," मल्लू हळूच म्हणाला. "जुन्या गाड्या सांभाळतो. नीट ठेवील."

"ऐक, सुमे," अण्णा म्हणाले. "यंत्राची खोट असंल तर काढून टाक, गाडी राहती. खोट सापडली न्हाई, तर तो तिचा शब्द समजायचा आणि हिला देऊन टाकायची. तिला नको होती ती वस्तू तिच्यामागं मी कशी ठेवू?"

"अण्णा, मी मशीनवाली. तुम्हाला मांत्रिक हवाय."

"मांत्रिक पण बघून गेला," मल्लू म्हणाला. "लिंबू ठेवलं चाकाखाली. मैलावरच मेली."

मी गाडी ठेवून घेतली. उपकार म्हणून नाही. खरं सांगायचं तर मला राहवेना. बॉनेट मधोमध बिजागरीवर, दोन्ही बाजूंनी फुलपाखराच्या पंखांसारखं उघडणारं. आत सगळं डोळ्यांना दिसेल असं, हाताला लागेल असं. हल्लीच्या यंत्रांसारखं झाकून ठेवलेलं काही नाही. लहानसंच इंजिन, आणि त्याच्या कुशीला एकाला एक जुळी अशी दोन कार्बोरेटरं. दार ठोठावून बघितलं तर पत्र्यासारखं वाजेना.

"आत लाकूड हाय," अण्णा म्हणाले. ते रोज दुपारी येऊन माझ्या स्टुलावर बसत. "सगळा सांगाडा लाकडी. वरनं पत्रा ठोकलाय."

"म्हणजे पलंगावर पत्रा?"

"बैलगाडीवर म्हण. लढाई जिंकलेले लोक, पण गाडी करायची जुनी रीत सोडवंना त्यांना. म्हणून तर ही वळणावर अंग मोडती, कुरकुरती. गाडीत बसलाय का माजघरात, कळत न्हाई."

"मग त्यात आवडण्यासारखं काय एवढं?"

हा प्रश्न बायकोनं त्यांना जन्मभर विचारला असणार, पण उत्तर ऐकायला ती कधी थांबली नसावी.

"एका सूतगिरणीचा इंग्रज इंजिनियर देश सोडून निघाला होता. त्याच्याकडं दोन गाड्या. मोठी घे म्हणाला, मी ही मागितली. मोठ्या गाडीत माणूस बसतो, सुमे. ही गाडी माणूस अंगात घालतो, सदऱ्यासारखी. रस्त्यावरचा खडा ढुंगणाला कळतो. बैल कुणाच्या रानात हंबरला ते कळतं. पन्नासनं जाती, पण दोनशेनं चाललोय असं वाटतं. खोटं असंल, पण वाटतं की."

मग त्यांनी मला गाडीचा दर्शनी फळा दाखवला. दोन मोठ्या तबकड्या. चालवणाऱ्याच्या समोर इंजिनाचे फेरे मोजणारी. आणि वेगाची तबकडी पार दुसऱ्या टोकाला, शेजारी बसणाऱ्यासमोर.

"हे उलटंच झालं," मी म्हटलं.

"उलटं न्हाई. चालवणाऱ्यानं इंजिन ऐकावं, वेगाची काळजी दुसऱ्यानं करावी, असा त्यांचा हिशोब. आमचं लग्न अथणीला. नवी नवरी हिच्यात घातली आणि निघालो सांगलीला. तिच्यासमोर ही तबकडी. आकडे वाचता यायचे तिला, वडील शाळेत मास्तर होते. लागली वाचायला. 'चाळीस!' मी हसलो, पाय दाबला. 'पंचेचाळीस! अहो, पंचेचाळीस!' मला आणखी चेव. 'पन्नास!' ती जसजशी ओरडंल तसतसा मी पाय दाबतोय. मला वाटलं, मजा येतीय तिला."

"आणि?"

"मिरजेत पाणी प्यायला थांबलो. ती उतरली ती सरळ टांगेवाल्याकडं गेली. अंगावर शालू, कपाळावर बाशिंगाची खूण, आणि टांग्यात बसून सांगलीत आली. मी मागनं गाडी घेऊन. सगळं गाव बघायला. पुन्हा कधी बसली न्हाई."

ते हसले. मग हसणं थांबवून त्यांनी पानाचा डबा उघडला.

शुक्रवारी मी म्हटलं, मला ही मरते तिथं घेऊन चला. मी आक्कांच्या जागेवर बसले. गाडी इतकी बसकी की दारावरून हात सोडला तर डांबराला लागेल. अण्णांनी किल्ली फिरवली. बॉनेटखाली पाल चुकचुकावी तशी टिकटिक सुरू झाली, आणि थांबली.

"हे काय?"

"पेट्रोलचा पंप. मागच्या टाकीतनं पुढं ओढतो. पोट भरलं की गप्प. इंजिन प्यायला लागलं की परत टिकटिक."

निघालो. काच पुढं आडवी पाडलेली, त्यामुळे वारा सरळ दातांवर. डोळ्यांत पाणी, तोंडात हळद, आणि अण्णा साठीपार गेलेला माणूस, गिअर बदलताना कॉलेजातल्या पोरासारखे ओठ आवळत होते. मला त्यांचं सगळं कळलं. खडा कळला, बैलही कळला. माझ्यासमोरच्या तबकडीत मैलाचा आकडा सरकत होता. तो पुरता बदलला, अंकलीच्या रस्त्याची चिंच दिसली, आणि गाडीनं दोन उचक्या दिल्या. मग नुसता वारा.

"मेली," अण्णा म्हणाले, आणि पानाचा डबा काढला.

"पान नको. किल्ली फिरवा."

त्यांनी फिरवली. टिकटिक नाही.

आधीच्या तिघा मिस्त्र्यांनीही पंप गप्प म्हणजे पोट भरलेलं असं धरलं असणार, मलाही आधी तसंच वाटलं. पण भरलेला गप्प आणि गळा आवळलेला गप्प, दोन्ही बाहेरून सारखेच. मी कार्बोरेटरकडची नळी सोडली. कोरडी. मग पंपाच्या मागची, टाकीकडून येणारी नळी सोडली, तोंडाला लावली आणि गाल फुगवून जोरात फुंकलं. पेट्रोलची चव आठवडाभर गेली नाही. पण लांब मागे, टाकीत, बुडबुड असा आवाज झाला. नळ्या जोडल्या, किल्ली फिरवली. टिकटिक, टिकटिक, टिकटिक.

"पान न खाता?" अण्णा बघतच राहिले.

"टाकीत काहीतरी आहे, अण्णा. गाडी ओढायला लागली की तरंगत येतं आणि नळीच्या तोंडावर झाकणासारखं बसतं. इंजिन मेलं, ओढ संपली, की सुटतं. तुमचं पान होईपर्यंत."

"टाकीत काय असणार? हळकुंड?"

"ते उद्या बघू. पण खोट यंत्राची आहे. म्हणजे गाडी राहिली."

अण्णांनी मान हलवली, पण चेहरा काही उजळला नाही. मला जरा रागच आला. आता वाटतं, आक्कांचा शब्द खोटा ठरला तर मग त्यांच्याजवळ आक्कांचं राहिलंच काय होतं? शेवटचा म्हणून तोच एक होता.

शनिवारी सकाळी टाकी रिकामी केली. बुडाचं बूच काढून पेट्रोल डब्यात घेतलं. नुसती गंजाची चिमूटभर पूड. नळीच्या तोंडाला पूर्वी जाळी असावी, ती कधीच झिजून गेली होती. मग मी वरचं झाकण उघडलं. त्याला एक दांडी आहे. ती दाबली की झाकण ताडकन आ वासतं. तोंड चांगलं मूठ जाईल एवढं. आत बॅटरी धरायची छाती होईना, म्हणून मशीनच्या पोटातलं बघायला मी जो लहान आरसा वापरते तो उन्हात धरला आणि कवडसा टाकीत सोडला. मल्लू डोकं घालून बघायला लागला.

"काळं काय तर हाय कोपऱ्यात. झुरळ."

"झुरळ एवढं चपटं?"

तारेचा आकडा वाकवून मी ते ओढत ओढत तोंडापाशी आणलं आणि दोन बोटांनी उचललं. धुतलं, कागदावर ठेवलं.

आपट्याचं पान होतं. पेट्रोलनं पार फिकुटलेलं, चामड्यासारखं चिवट, पण अखंड. मध्यावर मिटलेलं. आणि त्याला टोचलेली लवंग.

पेठेत हमाल पोती टाकत होते, त्याचा धप्प धप्प आवाज येत होता.

"आईनं?" मल्लू म्हणाला. "आईनं ह्याच्यात टाकलं?"

अण्णांनी पान उचललं नाही. नुसतं वाकून बघितलं.

"बघ, म्हणजे केलंच तिनं," ते म्हणाले. आवाज कोरडा होता. "मैलभर चालायची न्हाई म्हणाली आणि बोळा घालून गेली. जन्मभर मी हिचं झाकण उघडताना बघितलंय तिनं. शब्दाची पक्की. सुमे, खोट यंत्राची न्हाई. रविवारी देऊन टाकू."

"अण्णा, बोळा घालायचा तर माणूस चिंधी घालतो," मी म्हटलं. "लवंग कशाला टोचेल?"

"तिची सवय होती ती. सोनं म्हटलं की..." आणि ते मधेच थांबले.

"होय की, मला दरवर्षी तसंच द्यायच्या," मी म्हटलं. डबी उघडून माझं पान त्यांच्यासमोर ठेवलं. दोन्ही पानं शेजारी शेजारी, एक हिरवट, एक फिकं. लवंगा सारख्याच.

अण्णांनी आधी माझ्या पानाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "तुला लवंग लावून द्यायची?"

"पहिल्या वर्षापासून. का? सगळ्यांना तसंच नव्हतं का?"

मल्लू मोठ्यानं हसला. "सगळ्यांना? अगं, माझ्या बायकोला तीन दसरे नुसतं पान मिळालं. चौथ्या वर्षी लवंग लागली तेव्हा ती रडली. पान येणाऱ्या-जाणाऱ्याला. लवंग फक्त घरच्या माणसाला. लवंगेनं मिटलेलं उघडत न्हाई, म्हणायची आई."

सुयांची डबी मिटायला मला जरा वेळ लागला.

अण्णा अजून वाकलेलेच होते. बोटाच्या टोकानं त्यांनी फिकं पान हळूच उचकटून बघितलं. आत अक्षतेचे दोन दाणे होते, एकमेकांना चिकटलेले. बाहेरून सगळं विटलं होतं, पण पानाच्या पोटात दाण्यांचं कुंकू अजून थोडं टिकलं होतं.

"मल्ल्या," ते म्हणाले, "तुला गेल्या दसऱ्याला दिलं होतं?"

"दिलं की. मला, बायकोला, पोरांना. गोदामातल्या हमालांना साधी पानं. सगळ्यात शेवटी ताटात एकच लवंगेचं उरलं होतं. म्हटलं, हे अण्णांचं काय? तर म्हणाली, 'मी बघते. सरळ दिलं तर घ्यायचे न्हाईत. फुगलेत.' मला वाटलं, दिलं असंल रात्री."

अण्णा रोज सकाळी उठून आधी कुणाला बघायला जातात, हे त्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. जिच्याशी जन्मभर उभा दावा मांडला तिच्याच तोंडात आक्कांनी नवऱ्याचं सोनं ठेवलं होतं. पोचतं करील म्हणून. ते तोंड पेट्रोलच्या टाकीचं, त्यात ठेवलेलं थेट बुडाला जातं, एवढंच त्यांना माहीत नव्हतं.

अण्णांनी पान सदऱ्याच्या खिशात ठेवलं. खिशाला डाग पडला. "टाकी भर," ते मल्लूला म्हणाले. "आणि बेंगळुरूला फोन कर. म्हणावं, घरातलं माणूस हाय ते. देत न्हाई."

संध्याकाळी ते मला घेऊन निघाले. टिकटिक झाली, थांबली, आणि इंजिन लागलं. मी मैलाच्या आकड्याकडे बघत होते. आकडा पुरता बदलला, चिंच आली. उचकी नाही, काही नाही, गाडी गुळगुळीत चाललेली. आणि तिथंच अण्णांनी ब्रेक दाबला, किल्ली बंद केली.

"काय झालं?"

"काय न्हाई. मैल झाला." त्यांनी पानाचा डबा काढला. "तिचा शब्द खोटा कशाला पाडायचा?"

आम्ही दोघांनी पान खाल्लं. ऊन कलत होतं, अंकलीच्या बाजूनं उसाच्या बैलगाड्या येत होत्या, आणि प्रत्येक गाडीवान ह्या कैरीच्या रंगाच्या यंत्राला हसून हात करत होता. पान संपल्यावर अण्णांनी किल्ली फिरवली.

"सुमे, तुझ्यासमोर तबकडी हाय. आकडे वाच."

"मनात?"

"मोठ्यानं. तिनं वाचलं तसं."

रस्ता मोकळा होता. लाकडी सांगाडा कुरकुरला, वारा तोंडावर आला. मी ओरडले, "चाळीस!" अण्णा हसले. "पंचेचाळीस!" त्यांच्या खिशातून पेट्रोलचा आणि लवंगेचा वास येत होता. "पन्नास! अहो अण्णा, पन्नास!"

आणि ह्या वेळी अण्णांनी पाय उचलला.